कापडी डायपर आणि कार सीट: आधी काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझं उत्तर कुठल्या परिस्थितीला धरून आहे ते स्पष्ट राहील. सातवा महिना चालू, जुलैच्या मध्याची तारीख. घर धायरीला, सोसायटीत बरेचदा टँकरचं पाणी. बाळंतपण पुण्यात, आणि बारसं झालं की दोन-अडीच महिने साताऱ्याला माहेरी. चोवीस कापडी डायपरचा संच सवलतीत मिळतोय तो घ्यावा का, की सासूबाई म्हणतात तसे लंगोटच पुरतील? कार सीट आत्ताच घ्यायची, की नवरा म्हणतो तसं बाळ बसायला लागल्यावर? गाडी जुनी हॅचबॅक, तिला आयसोफिक्स (बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या) नाही. नणंदेकडे तिच्या मुलाची सीट पडून आहे.

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. बाळ-बाळंतिणीला घरी सोडताना हे दोन्ही विषय माझ्याकडे नेहमी निघतात, आणि बहुतेक घरांत खरेदीचा क्रम उलटा झालेला दिसतो. डायपरचा ढीग आठव्या महिन्यातच येऊन पडतो आणि कार सीट 'नंतर बघू'मध्ये जाते. डायपर चुकला तर दुपटं ओलं होतं आणि दुसरा दोन दिवसांत घरपोच येतो. सीट चुकली किंवा नसलीच, तर ते सुधारायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचते: बाळ घरी येण्याआधी काय हवंच, आणि कशासाठी थांबता येईल?

आधी डायपर, कारण त्यात बोलण्यासारखं जास्त आहे.

लंगोटांबाबत सासूबाईंचं बरोबर आहे, निदान पहिल्या दोन-अडीच महिन्यांपुरतं. एक तर मापाचा प्रश्न. बाजारातल्या बहुतेक 'फ्री साइझ' कापडी डायपरवर साधारण ५ ते १७ किलो असं लिहिलेलं असतं. आपल्याकडची बाळं जन्मतः अडीच ते तीन, फार तर साडेतीन किलोची. त्यांच्या बारीक मांड्यांभोवती हे डायपर सगळी टिचबटणं आवळूनही सैल राहतात आणि मांडीच्या कडेने गळतात. मग घरात ठराव होतो की कापडी डायपर काही कामाचे नाहीत. डायपरचा दोष नसतो, बाळ अजून त्या मापाचं झालेलं नसतं. पाच किलोचा टप्पा बरीचशी बाळं दोन ते तीन महिन्यांत गाठतात. जुलैच्या बाळासाठी ते दसऱ्याच्या आसपास येतं. तोवर पाऊसही ओसरलेला असतो आणि तुम्हीही साताऱ्याहून परतलेल्या असाल.

पावसाचा मुद्दा त्याहून मोठा. या डायपरच्या आत घालायचा इन्सर्ट तीन-चार पदरी असतो. जुलै-ऑगस्टमध्ये ड्राय बाल्कनीत तो एका दिवसात वाळला तर नशीब. बांबूचा असेल तर दुसरा दिवसही जातो. अर्धवट वाळलेला परत वापरला की कुबट वास येतो आणि बाळाच्या जांघेत लाली. लंगोट मात्र उलगडला की एकपदरी कापड. पंख्याखाली काही तासांत वाळतो आणि उरलेली ओल इस्त्रीने जाते. नवजात बाळ लंगोटात असेल तर दिवसाकाठी पंधरा-वीस बदलावे लागू शकतात, डायपर घातला तरी दहा-बारा. म्हणजे चोवीसचा तो संच दोन दिवसांत संपतो आणि वाळायला तेवढेच दिवस मागतो. सवलत कितीही असो, हे गणित पावसाळ्यात जमत नाही.

आणि एक कारण निव्वळ डॉक्टर म्हणून. पांढरा सुती लंगोट पहिल्या महिन्यात मला जेवढं सांगतो तेवढं दुसरं कुठलंच कापड सांगत नाही. पाचव्या दिवसापासून बाळाने चोवीस तासांत निदान सहा वेळा चांगला लंगोट भिजवला पाहिजे. तेवढा भिजत असेल आणि वजन वाढत असेल, तर 'दूध पुरतं का' या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. जेल असलेल्या डायपरमध्ये किती वेळा शू झाली ते कळतच नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी-नारिंगी डाग दिसले की घरात रक्त-रक्त म्हणून धावपळ होते. ते लघवीतले क्षार असतात. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिले तर मात्र दूध कमी पडतंय का ते तपासावं लागतं. मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचा थोडा डाग दिसू शकतो. आईच्या हार्मोन्सचा तो परिणाम असतो आणि आपोआप थांबतो. पहिली शी काळी, चिकट, डांबरासारखी. चार-पाच दिवसांत ती मोहरीसारखी पिवळी होते. दर पाजण्यानंतर होत असली तरी तो जुलाब समजू नका.

यातली एक गोष्ट मात्र लिहून ठेवा. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते, तिने पांढरा लंगोट पिवळा होत नाही. बाळ दोन आठवड्यांचं झाल्यावरही डोळे पिवळे असतील, लघवीचा पिवळा डाग पडत असेल किंवा शी खडूसारखी पांढुरकी दिसत असेल, तर कोवळ्या उन्हात धरण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तो लंगोट सोबत न्या. पित्तनलिकेचा दोष असेल तर त्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग बाळ दोन महिन्यांचं होण्याच्या आत झाली तर जास्त होतो. हा रंग आधी आजीच्या लक्षात येतो, आणि तो येतो कारण लंगोट पांढरा असतो.

म्हणून आत्ताची खरेदी अशी: मऊ सुती लंगोट पंचवीस-तीस, दुपटी आठ-दहा, अंथरुणाखाली मेणकापड, आणि नवजात मापाची वॉटरप्रूफ कव्हरं तीन-चार. कव्हर म्हणजे आत पातळ लॅमिनेशन असलेलं कापड, ज्याला पीयूएल म्हणतात. लंगोटाची घडी आत घालायची आणि वरून कव्हर. पाहुण्यांकडे जाताना, रात्री किंवा गाडीत ती कामाला येतात, एरवी दिवसभर नुसता लंगोट पुरतो. लंगोट-दुपटी तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडवर मिळतात. बाळंतविड्यातही येतातच, त्यामुळे विकत घेण्याआधी मावशी-काकूंना विचारून घ्या.

आजीच्या जुन्या सुती साडीचे लंगोट शिवणार असाल तर त्याहून मऊ काही नाही. पण ती साडी कपाटात डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली नाही ना, हे विचारा. काही बाळांत जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. बाळात हा दोष आहे की नाही ते तपासल्याशिवाय कळत नाही. गोळ्यांचा वास नुसतं उन्हात टाकून जाईल या भरवशावर राहू नका, दुसरी साडी घ्या.

नाळेचा तुकडा साधारण आठवडा-दोन आठवड्यांत गळून पडतो. तोवर लंगोट किंवा डायपर बेंबीच्या खाली बांधा आणि नाळेवर तेल, पावडर, हळद काही लावू नका. दुसरं, दुपट्यात गुंडाळताना 'पाय सरळ व्हावेत' म्हणून दोन्ही पाय ताठ करून घट्ट बांधायची पद्धत अजून दिसते. तसं बांधल्याने खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. हात गुंडाळा हवं तर, पण पाय बेडकासारखे दुमडलेले आणि मोकळे राहू देत. मांड्यांमध्ये जाड घडी आल्याने पाय फेंगडे होतील ही भीतीही अनाठायी आहे.

साताऱ्याला गेल्यावर आई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट वाळवेल, आणि अंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपाची धुरीही देईल. तिथे माझं मत थोडं कडक आहे. कापड वाळवण्यासाठी ऊब वापरा, पण धूर बाळाच्या खोलीत नको. नवजात फुप्फुसांना तो सोसत नाही, आणि लंगोटात बसलेला वासही बाळाच्या नाकापाशीच राहतो. इस्त्री फिरवली की काम होतं. आईला हे सांगणं अवघड जातं हे मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून माझ्यावर ढकला.

दसऱ्यानंतर, बाळ पाच किलोचं झाल्यावर, कापडी डायपर घ्यायचे का? ते तीन गोष्टींवर ठरतं: धुणार कोण, वाळत कुठे घालणार आणि पाणी कसं आहे. ब्रँडचा नंबर त्यानंतर. आधी दोन-तीन वेगवेगळे घेऊन आठवडाभर वापरून बघा, मग उरलेले मागवा. कव्हर आणि वेगळी घडी हा प्रकार सगळ्यांत स्वस्त आणि लवकर वाळणारा. खिशात इन्सर्ट सरकवायचा तो पॉकेट डायपर, पाळणाघरात किंवा आजी-आजोबांना घालायला सोपा. सगळं एकत्र शिवलेला ऑल-इन-वन वापरायला सर्वांत सोपा आणि वाळायला सर्वांत कटकटीचा. इन्सर्टमध्ये मायक्रोफायबर लवकर वाळतो, पण दाबला गेला की पाणी सोडतो. तो थेट कातडीला लागू देऊ नका, कारण तो त्वचेतला ओलावाही ओढून घेतो. बांबू आणि हेम्प जास्त शोषतात, पण सावकाश. सुती दोन्हींच्या मध्ये. कापड कुठलंही नैसर्गिक असेल तर वापरण्याआधी चार-पाच वेळा धुऊन वाळवा. नवं असताना त्यावर पाणी ठरत नाही, आणि पहिल्याच दिवशी 'गळतो' म्हणून परत पाठवलेले कितीतरी डायपर त्यामुळेच गळलेले असतात.

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडे टँकर आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, साबणाचा फेस पटकन होतो. टँकरचं पाणी बरेचदा बोअरचं आणि जड असतं. जड पाण्यात साबणाची वडी वापरली की तिचा चिकट थर कापडात बसत जातो. काही आठवड्यांनी डायपर पाणी शोषेनासा होतो आणि ओला झाल्याझाल्या अमोनियाचा झोंबणारा वास मारतो. त्यावर उपाय वडी नव्हे, डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड, तेही पुरेसं. 'बाळाचे कपडे' म्हणून चमचाभर घालणाऱ्यांकडेच हा वास जास्त येतो. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने कापडावर थर बसतो आणि शोषणं कमी होतं. दर वेळी अँटिसेप्टिक द्रवही नको, त्याचा अंश राहिला तर कातडी चिडते.

धुण्याची पद्धत साधी आहे. शी कमोडमध्ये धुऊन टाका, डायपर बादलीत बुडवून न ठेवता झाकणाच्या डब्यात कोरडा ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी आधी नुसत्या पाण्यात एक फेरी, मग डिटर्जंटची, मग भरपूर पाण्याने खळबळणं. इन्सर्ट कडक उन्हात वाळवा, पिवळे डाग उन्हानेच जातात. कव्हर मात्र सावलीत, आणि त्याला उकळत्या पाण्याचं तोंड दाखवू नका. लॅमिनेशन सुटतं, इलास्टिक सैल होतं. घरकामाच्या मावशी धुणार असतील तर त्यांना शेजारी उभं राहून हे एकदा दाखवा. त्या उकळतात, कारण त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

रोजच्या मालिशचं तेल आणि पुरळावरचं मलम, दोन्ही कापडात बसतात आणि तोच थर धरतात. अंघोळीनंतर अंग कोरडं करून मगच डायपर घाला, आणि मलम लावलं तर मध्ये पातळ सुती कापड ठेवा. पावडर कुठेच नको, ती बाळाच्या श्वासात जाते. साधी लाली उघडं ठेवण्याने आणि दर दोन-अडीच तासांनी बदलण्याने जाते. जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि त्याच्या आजूबाजूला सुट्या लाल पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी असते. तिला वेगळं औषध लागतं, घरातलं उरलेलं स्टिरॉइडचं मलम नव्हे.

रात्री एक वापरून टाकायचा डायपर घातला तर काही बिघडत नाही. तुमची झोप ही बाळाच्या तब्येतीचीच बाब आहे. पर्यावरणाचा विचार करून कापडी घेत असाल तर एक माहिती देते: ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये दोन्ही प्रकारांचा हिशोब मांडला, तेव्हा अडीच वर्षांचं कार्बन उत्सर्जन वापरून टाकायच्या डायपरसाठी सुमारे ५५० किलो आणि कापडीसाठी सुमारे ५७० किलो निघालं. फरक पडला तो धुण्याने. गरम पाणी आणि ड्रायर वापरणाऱ्यांचं उत्सर्जन वाढलं; दोरीवर वाळवणाऱ्यांचं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरणाऱ्यांचं बरंच कमी झालं. आपल्याकडे दोरी आहेच. आणि टाकायचा डायपर टाकताना कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळा द्या. ओला-सुका कचरा हाताने निवडणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंनी पुण्यात हीच मागणी लावून धरली होती.

डायपरचं एवढंच. तीस लंगोट आणि तीन-चार कव्हरं आत्ता, बाकी सगळं दसऱ्यानंतर. वाचलेले पैसे सीटकडे वळवा.

सीट बाळ बसायला लागल्यावर घ्यायची, हा समज 'सीट' शब्द ऐकून होत असावा. नवजात बाळाची सीट अर्धवट झोपवलेली असते आणि तिचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असतं. बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान कच्ची. समोर धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं सगळं डोकं मानेवर ओढलं जातं. मागे तोंड असेल तर तो धक्का पाठ, मान, डोकं एकत्र सीटच्या पाठीवर घेतात. म्हणून आर१२९ या युरोपीय मानकात पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तेवढे दिवस मागेच तोंड ठेवा.

'आई मांडीवर घट्ट धरेल' याचं उत्तर आकड्यात देते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर साडेतीन किलोच्या बाळाची ओढ तेवढ्यापुरती जवळजवळ ५० किलोची होते. टाके असलेली बाळंतीणच काय, पैलवानही ते धरू शकत नाही. स्वतःचा बेल्ट दोघांभोवती घेतला तर आईच्या वजनाखाली बाळ चिरडतं. आणि तुमचा रस्ता कुठला? साताऱ्याहून परतताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार. तिथले अपघात धायरीकरांना मी काय सांगणार! तिथे तुमची चूक असावी लागत नाही, मागून येणारा ट्रक पुरतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसुरक्षा सीट नसेल तर १,००० रुपये दंड. पकडत फारसं कोणी नाही, पण नवऱ्याला पटवायला उपयोगी पडेल.

कोणती घ्यायची ते तुमच्या गाडीवर ठरतं, आणि गाडी न बघता मी खात्रीने सांगू शकत नाही. आयसोफिक्स नसणं ही अडचण नाही. गाडीच्या तीन-बिंदू बेल्टने (कंबर आणि खांदा, दोन्हींवरून जाणाऱ्या) नीट आवळलेली सीटही सुरक्षित असते, फक्त बसवण्यात चुका जास्त होतात. तुमच्या मागच्या सीटच्या मधल्या जागेत नुसता कमरेचा पट्टा असेल, तर ती जागा बाद. डावीकडची खिडकीची जागा घ्या, म्हणजे फुटपाथच्या बाजूने बाळ काढता येतं. जुन्या हॅचबॅकमध्ये खरी गोम दोन ठिकाणी असते: मागचा बेल्ट सीटभोवती फिरवायला अपुरा पडतो, किंवा सीट मावते पण पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून दुकानात गाडी घेऊन जा, तिथेच बसवून बघा, आणि बसल्यावर बेल्टच्या जागी हाताने हलवा. बोटभर, म्हणजे इंचभरापेक्षा जास्त हलली तर ती सीट तुमच्या गाडीची नाही, कितीही महाग असो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत बघून आणि डिलिव्हरी आल्याच्याच दिवशी बसवून बघा. सीटवर ईसीई आर४४/०४, आर१२९ किंवा आपल्याकडच्या एआयएस-०७२ या सुरक्षा मानकाचं लेबल हवंच. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट कधीही नाही. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

दोन प्रकारांत निवड आहे. हँडल असलेली कॅरिअर सीट १३ किलोपर्यंत चालते, म्हणजे साधारण वर्ष-सव्वा वर्ष, आणि लहान बाळाला ती नेमकी बसते. दुसरी कन्व्हर्टिबल, जी आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून तीन-चार वर्षं पुरते. एकच गाडी आणि बेताचं बजेट असेल तर मी बहुतेकांना कन्व्हर्टिबल सुचवते, एका अटीवर: तिच्या खांद्याच्या पट्ट्याचं सर्वांत खालचं छिद्र नवजात बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा त्याखाली आलं पाहिजे, आणि नवजात गादी सोबत हवी. बाळ अडीच किलोच्या आत किंवा ३७ आठवड्यांआधी आलं, तर बेत बदला. तेव्हा कॅरिअर सीटच, आणि साताऱ्याचा प्रवास डॉक्टरांना विचारून पुढे ढकला. अशा बाळांचा श्वास अर्धवट बसलेल्या अवस्थेत अडखळू शकतो.

इथे लंगोट आणि सीट एकमेकांना भेटतात. पट्टा दोन पायांमधून येतो, त्यामुळे दुपट्यात गुंडाळलेलं बाळ सीटमध्ये बांधताच येत नाही. झबलं-लंगोट घाला, पट्टे लावा, आणि थंडी वाटली तर दुपटं वरून पांघरा. स्वेटर, जाड अंगडं पट्ट्याखाली नको. धक्क्यात ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा खांद्यावर चिमटीत धरता येऊ नये, इतका घट्ट. कापडी डायपर जाड असेल तर कंबर वर उचलली जाऊन हनुवटी छातीला टेकू शकते, आणि तशीच राहिली तर श्वास कोंडू शकतो. म्हणून प्रवासाला पातळ घडी आणि कव्हर, किंवा सरळ वापरून टाकायचा डायपर. सीट ओली होऊ नये म्हणून खाली जाड टॉवेल किंवा मेणकापड घालायचा मोह होतो, तोही टाळा. सीटचं कव्हर धुता येतं. पट्टे मात्र मशीनमध्ये टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

धायरी ते सातारा शंभर-सव्वाशे किलोमीटर. तीन आठवड्यांच्या बाळाला सलग अर्धा-पाऊण तासच सीटमध्ये ठेवा. खेड शिवापूर, शिरवळ, आणि खंबाटकी उतरल्यावर पाचवड असे थांबे घ्या, बाळाला बाहेर काढून आडवं करा आणि पाजा. चालत्या गाडीत रडलं म्हणून पट्ट्यातून काढून पाजायचं नाही, गाडी थांबवायची. शेजारी एक मोठं माणूस बसलेलं असावं, बाळाची हनुवटी बघत. पोहोचल्यावर झोपलंय म्हणून सीटमध्येच राहू देऊ नका, पाळण्यात सपाट झोपवा. आणि दोन मिनिटांसाठीसुद्धा बाळाला बंद गाडीत एकटं ठेवायचं नाही. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर उभ्या गाडीतलं बकलसुद्धा हाताला चटका देतं.

रिक्षा आणि कॅबचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. कॅबमध्ये बेल्टने बसणारी स्वतःची सीट नेता येते, तुमची तशीच असणार आहे. रिक्षात सीट बसत नाही. लसीकरणाला जवळच जायचं असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर गर्दीची वेळ टाळून, हमरस्ता सोडून जा. दुचाकीवर तान्हं बाळ नकोच. नियमांत चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर सेफ्टी हार्नेस, नऊ महिन्यांपासून हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. त्याचा अर्थ चार महिन्यांचं बाळ झोळीत बांधून न्यायला हरकत नाही, असा कोणी काढू नये.

राहिली नणंदेची सीट. घरातली आहे, तिचा इतिहास विचारता येतो, हा फायदा. ती असताना गाडीला अपघात झाला असेल तर सीट दिसायला धड असली तरी नको. तळाशी किंवा पाठीमागे उत्पादनाचा महिना-वर्ष कोरलेलं असतं आणि किती वर्षं वापरायची तेही, बहुधा सहा ते दहा. ते उलटून गेलं असेल, लेबल फाटलं असेल किंवा पट्टे बदलून शिवलेले असतील तरीही नको. हे सगळं ठीक असलं तर लेबलवरचं वजन बघा. बरीच मुलं वर्षाची झाल्यावर घरात सीट येते, तेव्हा तिच्यावर '९ ते १८ किलो' असण्याची शक्यता दाट आहे. ती पुढे तोंड करून बसवायची सीट असते, नवजात बाळाला तिचा उपयोग नाही. आज फोन करून नणंदेकडून त्या लेबलचा फोटो मागवा. '० ते १३' किंवा '० ते १८' लिहिलेलं असेल तर या रविवारीच ती आणून तुमच्या गाडीत बसवून बघा.